भरीव

"अरे वा, रताळं!" बोलका त्याच्या खांद्यावरून वाकून म्हणाला, आणि त्याला हसू आलं. मोठं नाही, नाकातून हवा सुटावी एवढंच, पण आलं. पडद्यावर एक करडी पाठ होती. पाठीखाली कंबर, कंबरेखाली बसायची जागा, मग दोन मांड्या, आणि गुडघ्यांपाशी सुरी फिरवल्यासारखं सगळं संपत होतं. वर मानेपाशीही तसंच. कणा आधी डावीकडे कलंडून मग उजवीकडे वळलेला, एक कुल्ला वर चढलेला, दुसरा खाली ओघळलेला. हे अंग कोणाचं ते ज्याला माहीत नाही त्याला रताळंच आठवणार. बोलक्याला माहीत नव्हतं. हसणाऱ्याला माहीत होतं. ती त्याची आई होती.

"की बीट म्हणायचं? तूच ठरव बाबा," बोलका म्हणाला. शेजारच्या टेबलावरचा हा माणूस दिवसभर तोंड मिटत नसे, म्हणून सगळे त्याला बोलकाच म्हणत. "नावं पाडण्यात तुझा हात कोण धरणार!"

"रताळंच," तो म्हणाला, आणि माऊस फिरवून त्याने आईला उताणं केलं.

मागे. हसू आलं तिथपर्यंत मागे. दोन बोटांनी दोन कळा दाबायचा नेहमीचा चाळा त्याने करून पाहिला. उताणी आई पालथी झाली, त्याआधी काढलेली एक रेघ पुसली गेली, त्याआधीचा एक खळगा भरून आला. हसू मात्र नाकाच्या शेंड्याशी तसंच चिकटून राहिलं, वाळल्या शेंबडासारखं. बोलका आपल्या खुर्चीत जाऊन बसला आणि कोणाला तरी फोनवर कालच्या जेवणाबद्दल सांगू लागला. तो जेवणाबद्दल सांगत होता आणि इकडे त्या करड्या मांड्या पडद्यावर होत्या, दोन्ही एकाच हवेत.

ही जागा दुमजली. खाली फोमचे ठोकळे कापले जात, आणि वर त्या ठोकळ्यांतून माणसं वजा केली जात. ज्यांचा कणा वळलाय, ज्यांची अर्धी बाजू लुळी पडलीय, ज्यांना बसवलं की जी घसरत खाली येतात, अशांना त्यांच्याच अंगाच्या मापाची बैठक करून द्यायची, हा धंदा. मापाऱ्या लोकांच्या घरी जाई, इस्त्रीएवढं एक यंत्र उघड्या अंगाभोवती फिरवी आणि त्यातल्या प्रकाशाने अंगाची साल टिपून आणी. साल यायची ती नंबर लावून. नाव नाही, चेहरा तर मापाऱ्या टिपतच नसे. मग त्या सालीला शिवून, बुजवून भरीव करायचं, फोमच्या ठोकळ्यात बुडवायचं आणि संगणकाला सांगायचं, वजा. माणूस नाहीसा होई, ठोकळ्यात त्याचा खळगा राही, आणि त्या खळग्यात तो माणूस पुढची वर्षं बसून काढी. इथे आला त्या पहिल्याच आठवड्यात त्याच्यासमोर जे अंग आलं ते असं पिळलेलं होतं की त्याने जेवणाचा डबा न उघडता घरी नेला. दुसऱ्या दिवशी तो त्या अंगाला काकडी म्हणाला. सगळे हसले, आणि घास घशाखाली उतरला. तेव्हापासून ही रीतच पडली. भोपळे आले, वांगी आली, एक पडवळ आलं आणि बैठक तयार व्हायच्या आत वारलं. साहेबसुद्धा दारातून डोकावून विचारत, "त्या दुध्याचं कुठवर आलं?" किळस येऊ नये म्हणून काढलेली ही युक्ती. युक्ती चांगलीच होती. आज ती फिरून त्याच्याच तोंडावर येऊन आदळली होती आणि तोंडाला रताळ्याची माती लागल्यासारखं वाटत होतं.

पण हसण्याचं काय, हसू धुतलं जातं. सकाळी तो जे बोलला होता ते धुतलं जाणार नव्हतं.

त्याचं असं होतं. मापाऱ्याचं यंत्र कोरड्या कातडीवर छान चालतं. ओल्या, चकाकत्या जागी त्याचा प्रकाश फिसकटतो आणि सालीला तिथे भोक राहतं. भोक मांडीवर राहिलं, कुशीवर राहिलं, तर ते संगणकाने अंदाजाने बुजवलं तरी बिघडत नाही. पण हाडावर राहिलं तर माणसाने जाऊन हाताने चाचपायचं, हाड नेमकं कुठे वर आलंय ते बोटाने शोधायचं, आणि बैठकीत तेवढीच जागा खोल करायची, म्हणजे तिथे काही टेकणार नाही. यावर कुठे सही लागत नसे. खाली यंत्रावर एक जाड भिंगांच्या चष्म्याची बाई होती, कापणारी बाई, ती पातं फिरवण्यापूर्वी जिन्याखाली येऊन ओरडून विचारी, "बोट लावलंय का?" आणि वरून ज्याचं काम असेल त्याने ओरडून सांगायचं, "लावलंय!" तेवढं ऐकल्याशिवाय ती बटण दाबत नसे. आज सकाळी तिने विचारलं. आणि तो ओरडला, "लावलंय!" रोजच्याच आवाजात. आवाज जरासुद्धा हलला नाही, याचंच त्याला पहिल्यांदा वाईट वाटलं. लावलं नव्हतं. आईच्या माकडहाडावर जी जखम होती, अंथरुणाला खिळून पडलेल्यांना होते तसली, ती त्याने एकदाही पाहिलेली नव्हती. सालीतलं भोक बरोबर तिथेच होतं. ते त्याने एका टिचकीत बुजवलं होतं. पडद्यावर अक्षरं आली होती: आकार आता भरीव आहे.

खाली दुसऱ्या कोणाचा ठोकळा कापणं चाललं होतं. तो झाला की आईचा. जेवणाची सुट्टी संपेपर्यंत, फार तर.

तो उठून हात धुवायला गेला. तिथला साबण कोणीतरी पाण्यात ठेवलेला होता. अर्धा विरघळून त्याचा बुळबुळीत गोळा झालेला, वर एक केस. त्याने तो दोन बोटांनी उचलला आणि टाकला, आणि नुसत्या पाण्याखाली हात धरून उभा राहिला. आईने ही साबणाची वडी पाहिली असती तर घर डोक्यावर घेतलं असतं. किळस त्याला आईने शिकवली, जशी इतरांच्या आया पाढे शिकवतात. दुधाचं भांडं ओठाला लावण्याआधी ती त्याचा काठ हुंगून बघे. नळाची खालची बाजू, जिथे कोणाचा डोळा जात नाही, तिथला शेवाळी चिकटा ती दात घासायच्या जुन्या ब्रशने खरवडून काढी. तो खेळून आला की दारातच उभं करून त्याचं डोकं हुंगे आणि म्हणे, "कोणाच्या घामात लोळून आलास रे?" वडील म्हणत, "हिच्या नाकाला वेगळा पगार द्यायला पाहिजे." पाहुणे उठून गेले की ते बसले होते ती जागा ती ओल्या फडक्याने पुसे, आणि पुसताना नाकावर दोन बारीक आठ्या पडत. त्या आठ्या आता त्याच्या नाकावर होत्या. आरशात तो बघत होता त्या त्याच. मोठेपणी त्याच्या बायकोने सहा महिन्यांत ओळखलं होतं: "तुला माणसं आवडत नाहीत असं नाही, तुला ती ओली आवडत नाहीत." त्यावर तो हसला होता. नंतर ती निघून गेली, ती काही या कारणासाठी नव्हे. पण जाताना तिची उशी तिथेच राहिली, आणि ती उशी त्याने काठीने ढकलत ढकलत कचऱ्याच्या डब्यापर्यंत नेली होती.

मागे. उशी नको.

म्हणूनच त्याला ही विद्या आवडली असावी. शिकायला गेला तेव्हा पहिल्याच तासाला, खडूने भरलेल्या बाह्यांचे एक मास्तर फळ्यावर ठोकळा काढून म्हणाले होते, "हा भरीव आहे, हे संगणकाला कसं कळतं?" कोणी काही, कोणी काही सांगितलं. मास्तर म्हणाले, "कळत नाही. त्याला फक्त साल कळते. आणि सालीची आतली बाजू कुठली, बाहेरची कुठली, एवढं कळतं. साल कुठे फाटलेली नसली, आत पाणी भरलं तर थेंबसुद्धा गळणार नसला, की तो म्हणतो भरीव. आत काय आहे ते त्याला विचारायचं नाही. आत काहीही नाही." वर्गात बाकीचे लिहून घेत होते. तो मात्र सुखावून बसून राहिला होता. आत काहीही नाही! आतडी नाहीत, कफ नाही, ताटाखाली राहिलेलं खरकटं नाही. दोन ठोकळे जोडले तर सांधा दिसत नाही. कडा गोल करायची म्हटली तर एका दमात गोल, आणि भुसा पडत नाही. त्याने आयुष्यात हात न लावता जेवढं घडवलं तेवढं हात लावून कोणी घडवलं नसेल. मॉडेलच्या डाव्या बाजूला प्रत्येक कृती ओळीने मांडलेली असते, वाटलं तर कुठल्याही कृतीशी परत जाता येतं, ती बदलली की पुढचं सगळं आपोआप नव्याने घडतं. माणसाचं तसं नाही, हे म्हणायला त्याला मास्तर लागले नाहीत.

फोन वाजला. ताई.

"बैठक आज कापतायत ना?" ताईने विचारलं. मागे भांड्यांचा आवाज, म्हणजे ती फोन खांद्याने कानाशी धरून बोलत होती.

"दुपारी."

"बरं. डॉक्टर येऊन गेले. म्हणाले, हिला दिवसातून थोडं तरी बसतं करा, नाहीतर छातीत कफ साठेल. पण बसवताना त्या जागेवर भार आला तर संपलंच. जखम हाडाला टेकलीच आहे म्हणतात. आत गेली की कापाकापी, आणि या वयात ते तिला झेपायचं नाही. ऐकतोयस ना?"

"ऐकतोय."

"मग हूं तरी म्हण. मी काय भिंतीशी बोलतेय? ते तुझे मापारी म्हणाले होते, बोट लावून बघावं लागेल. कधी लावलंस तू?"

नळ टपटपत होता.

"त्या दिवशी पॅसेजमध्ये उभा होतास ते उभाच होतास," ताई म्हणाली. "मला वाटलं नंतर येशील. आईला तू आता पडद्यावरच बघणार आहेस का?"

"ताई, मला जमत नाही गं."

"मला जमतं होय! मी काय जन्मतःच नाक कापून आले?" ताईने फोन ठेवला. ठेवण्यापूर्वी कशाचं तरी झाकण दणकन पडल्याचा आवाज आला.

त्या दिवशी. त्या दिवशी ताईच्या घरच्या पॅसेजमध्ये तो चपलांच्या रॅकसमोर उभा होता. आतल्या खोलीत मापाऱ्या, ताई आणि ताईची मोठी मुलगी, तिघांनी मिळून आईला दोन खुर्च्यांच्या पाठींवर ओणवं केलं होतं. दार लोटलेलं. फटीतून निळसर प्रकाश फिरताना दिसत होता, आणि आईच्या तोंडून हवा सुटल्यासारखा एक आवाज येत होता. अर्धांगवायूच्या झटक्यानंतर तिची जीभ जड झाली होती. शब्द यायचा, पण एकेक करून. त्याने चपला जोडीजोडीने नीट लावल्या. मग रंगाप्रमाणे लावल्या. मग एका चपलेच्या अंगठ्याखाली पडलेला काळा, तेलकट ठसा त्याला दिसला आणि तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मापाऱ्या बाहेर आला तो घाम पुसत. "ओलं होतं, तेवढी जागा नाही आली," तो हळू आवाजात म्हणाला. "तू घरचाच आहेस. बोट लावून घे." आणि तो म्हणाला, "घेतो." परक्यांना त्याने शंभरदा बोट लावलं होतं. काकड्यांना, भोपळ्यांना. हातमोजा चढवायचा, श्वास तोंडाने घ्यायचा, बाहेर आलं की मोजा टाकायचा. परक्याची किळस साबणाने जाते. आईची जाणार नाही, ती बोटातून आत चढेल, आणि मग तिने मळलेलं सगळं पीठ, तिने त्याच्या तोंडात घातलेला प्रत्येक घास, तिने काठ हुंगून ओठाला लावलेलं प्रत्येक भांडं, सगळ्याला मागे जाऊन तो वास लागेल. पुढचं सगळं आपोआप नव्याने घडेल. याची त्याला भीती होती, आणि या भीतीला तो स्वतःशी संकोच म्हणत होता. मुलाने आईला असं कसं बघायचं, वगैरे.

तो टेबलाशी परतला. ठीक आहे, न जाता करून बघू. त्याने आईला मधोमध उभा छेद दिला. हे रोजचंच, एक सपाट पान मॉडेलमध्ये शिरतं आणि अलीकडचं अंग नाहीसं होतं. सालीची आतली बाजू या संगणकावर पिवळ्या रंगात दिसे. मानेतून खाली बघितलं तर आई पिवळी आणि पोकळ होती, एखाद्या रबरी पिशवीसारखी, आत दिवा लावल्यासारखी लख्ख. हाड नाही, रक्त नाही, जखम नाही. जखमेच्या जागी त्यानेच बसवलेलं ठिगळ, ताटलीसारखं गुळगुळीत. वीस वर्षं तो जिला स्वच्छता म्हणत आला ती ही. आणि आज तिचीच त्याला शिसारी आली. तोंडात पाणी सुटलं, ओकारीपूर्वी सुटतं तसं पातळ. हे एवढं साफ, एवढं बिनवासाचं, याला आई म्हणून तो ठोकळ्यात बुडवणार होता.

त्याने एक गोळा घेतला, ठिगळाच्या मागे ठेवला, तेवढी जागा खोल केली. पण नेमकी कुठे? बोटभर वर गेलं तर खळग्याची कड हाडावर येईल आणि दिवसभर चावत राहील. फार मोठा खळगा केला तर आई त्यात रुतून घसरेल आणि कातडी ओढली जाईल. हाड कुठे असतं? माणसाचं माकडहाड जिथे असतं तिथे. त्याने खुर्चीत एका बाजूला कलून स्वतःच्या खाली हात घातला आणि चाचपू लागला.

"काय रे, मुंग्या डसल्या का?" बोलका फोनवरून तोंड काढून म्हणाला. "खुर्चीला मध लागलाय वाटतं."

"माप घेतोय."

"स्वतःचं? अरे, स्वतःचं माप घ्यायला लागला की माणूस कामातून गेला म्हणून समज." आणि मग पडद्याकडे बघून, "रताळं फारच त्रास देतंय. दे इकडे, मी एक मोठं भोक पाडून टाकतो, कोणाला कळतंय!"

खाली यंत्र थांबलं. ते थांबलं हे आधी पायांना कळलं. फरशीतून सतत येणारी बारीक थरथर एकदम नाहीशी झाली. मग कोणीतरी कापलेला ठोकळा ओढत नेल्याचा आवाज. मग नवा ठोकळा ठेवल्याचा दप्प आवाज. हातावरून उठताना त्याला आपल्या तळव्याला घाम आलेला जाणवला, आपल्याच कपड्यांतला आंबूस घाम, आणि त्याला आपलीही किळस आली. पण ती बरी होती, ती निदान कोणापासून लपवावी लागत नव्हती.

जिना उतरताना फोमचा पांढरा भुसा हवेत होता. कापणारी बाई पट्टे आवळत होती.

"थांबवा," तो म्हणाला. "बोट लावलेलं नाही."

बाईने चष्मा कपाळावर सरकवला. "सकाळी लावलंय म्हणालास."

"खोटं बोललो."

"कोणाचं आहे हे?"

त्याच्या जिभेवर रताळं आलं. खरंच आलं, शब्द तयार होऊन दातांमागे बसला. "आईचं," तो म्हणाला.

बाईच्या भुवयांत भुसा अडकला होता. "मी तुझ्या ओरडण्यावर पातं फिरवते रे," ती म्हणाली. "अजून किती जणांना नाही लावलंस?"

"सगळ्यांना लावलंय. हिलाच नाही."

"शाबास!" बाई म्हणाली आणि पट्टे सोडू लागली. "जा. मी दुसरा ठोकळा चढवते. तुझ्यासाठी यंत्र अडून बसणार नाही, परत आलास की नंबर लाव."

बसमध्ये त्याला उभं राहावं लागलं. वरची दांडी कोमट होती, कोणाच्या तरी हाताने ओली. एरवी त्याने रुमाल गुंडाळून धरली असती. रुमाल टेबलावरच राहिला होता. पुढच्या बाकावर एक म्हातारा सोललेलं संत्रं खात होता, बिया तळहातावर थुंकत होता, थुंकलेल्या बिया मोजत असल्यासारखा त्यांच्याकडे बघत होता. सगळीकडे माणसं होती, भरलेली, गच्च, प्रत्येकाच्या सालीखाली काय काय. आणि बसने वळण घेतलं की ती सगळी एकमेकांत घुसत होती. संगणकावर दोन अंगं एकमेकांत घुसली की तेवढा भाग लाल होऊन चूक दाखवतो. इथे कोणी लाल झालं नाही. म्हाताऱ्याने खांद्याने त्याच्या पोटाला टेका दिला आणि दुसरी फोड तोंडात टाकली.

ताईने दार उघडलं आणि ती बाजूला झाली. मग म्हणाली, "हात धू. कोपरापर्यंत." तिच्या कपाळाला पीठ लागलं होतं.

खोलीत खिडकी उघडी होती तरी वास होता. गोडसर, जड, फुलदाणीतलं पाणी आठवडाभर बदललं नाही की येतो तसा, आणि त्याच्यावर औषधाचा तिखट वास, घाईघाईने टाकलेल्या चादरीसारखा. आई भिंतीकडे तोंड करून कुशीवर होती. तिचे केस ताईने बारीक कापले होते. मान एखाद्या शाळकरी मुलासारखी दिसत होती. त्याने मोजे चढवले. ताईने पट्टी ओली करून सोडवली, आणि तो बघू लागला. ओलं होतं. तांबूस, कडेला पिवळट, मधे खोल. तोंडाने घेतलेला श्वाससुद्धा जिभेला लागत होता. मांड्या, कंबर, सगळं पडद्यावर होतं तसंच होतं, आणि काहीच तसं नव्हतं; कारण हे हलत होतं, बारीक बारीक, श्वासासोबत.

"आई, मी आहे. माप घेतोय," तो म्हणाला आणि जखमेच्या वरच्या अंगाला बोट टेकवलं.

आईचं सगळं अंग आवळलं. लुळी बाजूसुद्धा कशी कोण जाणे ताठ झाली. बोटाखाली दोरखंड असावा तसे स्नायू. हाड कुठे सुरू होतं, कुठे संपतं, काही लागेना. आवळलेल्या अंगाचं माप घेण्यात अर्थ नसतो, बसल्यावर ते अंग वेगळंच असतं.

"सैल सोड गं आई," ताई म्हणाली. "असं काय करतेस, आपलाच तर आहे."

आईने सोडलं नाही. भिंतीकडे बघतच तिने जीभ हलवली. "वास... येतोय?"

"छे गं! कसला वास? आत्ताच तर पुसलंय मी," ताई म्हणाली. इतक्या सहज, इतक्या लगेच म्हणाली की हे उत्तर तिने किती वेळा दिलं असेल ते त्याला कळलं. रोज. येणाऱ्या जाणाऱ्या प्रत्येकाने. डॉक्टरांनीही हसून.

त्याने तोंड उघडलं ते छे म्हणायलाच. पण तोंडात वासच भरलेला होता. "येतोय," तो म्हणाला. "खूप येतोय, आई. मला उमासे येतायत."

ताईने त्याच्याकडे अशी नजर टाकली की जागच्या जागी भस्म व्हावं. आईची पाठ थरथरू लागली. रडतेय, त्याला वाटलं, लागलं तिला. मग तोंडाच्या चांगल्या कोपऱ्यातून फुसकन हवा सुटली, आणि ती हसतेय हे ताईला आधी कळलं आणि तिचे डोळे भरून आले.

"मग!" आई म्हणाली. "ही... खोटारडी. मला काय... नाक नाही?"

"हो, मी खोटारडी," ताई डोळे पुसत म्हणाली. "पोराचं तेवढं खरं."

आणि आईचं अंग सुटलं. आधी खांदा, मग कंबर, मग खालचं सगळं जड होऊन गादीवर पसरलं, आणि त्याच्या बोटाखाली हाड वर आलं, टोकदार, तिरकं, तो पडद्यावर खळगा करत होता तिथून चांगलं दोन बोटं डावीकडे. ताईने मोजपट्टी धरली, त्याने आकडे मोठ्याने म्हटले. झालं होतं. उठावं, मोजे टाकावेत, बस पकडावी, साबण मागून घ्यावा. तो उठतच होता.

आईचा चांगला हात मागे आला. चाचपडत त्याचं मनगट शोधून तिने घट्ट धरलं आणि ओढलं; जखमेपासून दूर, डाव्या कुल्ल्याच्या बाजूला, जिथे मांडीचं हाड कंबरेला भेटतं तिथे.

"इथं," ती म्हणाली.

"तिथे काही नाही गं," ताई म्हणाली. "कातडी छान आहे तिथली. मी रोज बघते."

छान होती. मापाऱ्याच्या सालीतला सगळ्यात सुरेख भाग होता तो, एकही भोक नाही, हात फिरवावा असा. जराशी जांभळट झाक होती, सावली पडावी तेवढी. त्याने बोट दाबलं. मोज्यातून नीट कळेना. त्याने मोजा ओढून काढला आणि उघडं बोट टेकवलं. कातडी गरम होती, भोवतालच्यापेक्षा गरम, आणि अखंड, आणि तिच्याखाली बोटाला अडवायला काही नव्हतं. पिकून उतरलेल्या फळात जावं तसं बोट आत गेलं, आणि सालीवर ओरखडाही उठला नाही.

"कधीपासून?" त्याने विचारलं.

"कोणी..." आई म्हणाली, आणि जीभ जुळवून घेतली. "कोणी हात... लावला नाही."

उमासा आला. तो त्याने तोंड मिटून गिळला, डोळ्यांत पाणी आलं, आणि बोट तिथून काढलं नाही. खिशात फोन वाजू लागला. कचेरीतून असणार, आईचा ठोकळा कधी चढवायचा ते विचारायला. वाजून वाजून तो थांबला.

"ताई, पेन दे," तो म्हणाला. "जाड टोकाचं."

ताईने पेन आणून त्याच्या दुसऱ्या हातात दिलं. आतल्या मऊ जागेची कड शोधत त्याचं बोट त्या गरम कातडीवरून पुढे पुढे सरकत होतं, आणि कड अजून लागत नव्हती.